दोन आत

१२ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र लिहायचं मी इतकं टाळलं, की शेवटी टाळण्याचाच कंटाळा आला. रोज काहीतरी निमित्त सापडायचं. कागद असला तर पेन नसायचं, पेन असलं तर बसायला जागा नसायची, आणि एकदा सगळं जुळून आलं तर समोरून एक माणूस सायकलवर लाकडी कपाट बांधून चालला होता. ते कुठवर जातं बघू म्हणून मी त्याच्या मागे गेलो. पुलापर्यंत गेलं. पुढचं सांगत नाही.

खरं निमित्त तुला ठाऊक आहे. तुझ्याशी बोलायची इच्छा नव्हती. आत्ताही नाही. जे सांगायचंय ते आपल्या धाकट्याबद्दल, टिल्लूबद्दल आहे, म्हणून सिमेंटच्या पिशवीचा कागद फाडून बसलोय. पत्र तुझ्यापर्यंत कसं येणार ते पुढे सांगतो. तू वाचते आहेस म्हणजे आलंच.

वर तारीख घातली आहे. बिनतारखेचा कागद तू हातात धरत नाहीस, आणि तारीख असली की त्यावरचा शब्द न् शब्द पाळतेस. ही तारीख तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे, पण आहे खरी. विश्वास नसेल तर तुझ्या साहेबांना विचार. त्यांनीच पाठवलंय.

काय म्हणाले होते ते साहेब? "मागे जायचं, जिथे पहिल्यांदा बिघडलं तिथेच दुरुस्त करायचं, म्हणजे पुढे पाण्याचे असे हाल होणार नाहीत. तिकडे आपला माणूस उभा असेल, तो काम सांगेल. काम झालं की परत बोलावू." तुझ्या हातचा बिनखिशांचा कोट घालून मी सांगितलेल्या जागी उभा राहिलो. जेवणवेळ टळून गेली तरी उभा होतो. माणूस नव्हता. एक कुत्रं होतं, त्यानं काही काम सांगितलं नाही.

दुरुस्ती-बिरुस्ती काही नसते, ताई. खाणारी तोंडं जास्त झाली, ती कुठेतरी टाकायची, तर मागे टाकतात. गेलेला काळ हा त्यांचा उकिरडा आहे. आणि नाव काय, तर पाठवणी. नवरीचीही पाठवणी होते, पण तिला निदान माहेर असतं.

इथे पाणी आहे. बादली घासतात आणि ते पाणी सरळ रस्त्यावर ओततात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ओरडलो. लोक हसले. मी जिथे जातो तिथे लोक हसतात, त्याचं दुसरंही एक कारण आहे. उंबरठा ओलांडला की माझ्या तोंडून अजून "एक आत" निघतं. इथे चौकटीवर पेटी नाही, ऐकणारं कोणी नाही, किती माणसं आत आणि किती बाहेर याची कोणाला पडलेली नाही. पण जीभ ऐकत नाही. सायकलच्या दुकानात म्हणालो, होडीवाल्याच्या खोपटात म्हणालो, बेकरीत तर रोजच. आता एका गवंड्याच्या हाताखाली काम करतो, तो मला हाकच मारतो, "ए एकआत, माल आण."

बेकरीवरून आठवलं. तिथे एक काकू यायच्या, रस्त्यावरच्या फळीशी उभ्या राहून पाव घ्यायच्या. पाव घेण्याआधी रोज एकच प्रश्न, "आज तारीख किती?" एकदा मी मुद्दाम उद्याची सांगितली, तर पांढऱ्याफटक पडल्या. मला तुझी आठवण झाली. म्हणून त्यांना शिळा पाव बांधून दिला.

आता रोज रात्री पेटीसमोर उभी राहून तू "दोन आत" म्हणत असशील. मी होतो तेव्हा "तीन आत" म्हणायचीस. किती दिवसांत सवय झाली? की त्याच रात्री झाली?

मिस्त्री बोलावतोय. बाकीचं नंतर. पण मुख्य गोष्ट आत्ताच लिहितो, नाहीतर परत कपाटाच्या मागे जाईन: माझ्या बदल्यात घराला मिळालेली सूट खोटी आहे. टिल्लूलाही नेणार आहेत.

१५ नोव्हेंबर

ताई,

तू म्हणशील, हा कुठून ऐकून आला. शाळेत टिकला नाही, कामाला टिकला नाही, आणि मला अक्कल शिकवतोय. ठीक आहे. ऐकून कुठून आलो ते सांगतो.

आमच्या कामाच्या पलीकडे एक इस्त्रीवाली आहे. पत्र्याखाली टेबल, कोळशाची इस्त्री, बाजूला दुसऱ्यांच्या कपड्यांचा ढीग. दुपारी ऊन फार होतं म्हणून मी तिच्या पत्र्याखाली शिरलो, आणि सवयीनं पुटपुटलो. तिची इस्त्री जागच्या जागी थांबली. शर्ट जळायला लागला तरी उचलेना.

"कोणत्या गल्लीतला रे तू?" मान वर न करता म्हणाली.

मी सांगितली. टाकीमागची.

"टाकीमागची," ती म्हणाली. "आम्ही टाकीसमोरचे. बस. पाणी पी. जास्त पी, इथे कोणी मोजत नाही."

मग शर्ट बघितला. पाठीवर मोठा तपकिरी डाग. "हा वकिलाचा आहे," ती म्हणाली, "बोंबलेल. बोंबलू दे."

ती माझ्यासारखीच सतराव्या वर्षी आलेली, आता तिशीच्या पुढे आहे. घरचं कोण, मी विचारलं. म्हणाली, धाकटी बहीण. तिकडे का, मी विचारलं. तर हसली.

"तिकडे कशाला, इथेच आहे. दोन गल्ल्या सोडून राहते. तिला गुडघेदुखी आहे."

"धाकटीला?"

"धाकटी माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी आहे. माझ्यानंतर तिला उचललं, पण पडली माझ्याआधी. ते यंत्र नेम धरून फेकत नाही रे, मूठभर खडे भिरकावावेत तसं भिरकावतं. कोण कुठल्या साली पडेल, कोणाचं कोणाला माहीत नाही. आता मी तिला 'अगं' म्हटलं की शेजारीण मला ओरडते, मोठ्या बहिणीला मान द्यावा म्हणून."

"पण तुम्हाला सूट मिळाली असेल ना? दारावर बिल्ला?"

"पितळी. रोज घासायची आई. 'या घरानं आपलं माणूस दिलं, या घराला आता हात लागणार नाही.' धाकटीला न्यायला आले तेव्हा आधी तो बिल्ला काढून घेतला. पितळ वाया घालवत नाहीत ते. सतराही भरू दिली नाहीत तिला, पंधराव्यातच नेली."

तर हे असं आहे, ताई. ज्या बिल्ल्यासाठी तू माझ्याकडे बोट दाखवलंस, तो फक्त पितळेचा आहे.

ते बोट मला अजून दिसतं. शिवता शिवता उठून आली होतीस, बोटात अंगुस्तान तसंच. साहेब दारात. "घरातल्या मोठ्यानं दाखवायचं." टिल्लू तुझ्या मागे, मी खिडकीपाशी. तू विचारसुद्धा केला नाहीस. पेटीला आकडा सांगतात तितक्याच सहज बोट उचललंस. टिल्लू लहान होता, हे मला कळतं. तू गेली असतीस तर टिल्लूला कोण बघणार, मी? तेही कळतं. मला सगळं कळतं. पण क्षणभर इकडेतिकडे बघायचं होतंस. लोक भाजी घेतानासुद्धा दोन वांगी हातात घेऊन बघतात.

बरं, कोटाबद्दल. इस्त्रीवाली म्हणते, तिकडून आलेल्या सगळ्यांचे कोट पहिल्या महिन्यातच खांद्यावर उसवतात. माझा उसवला नाही. आतून बघितलं तर दुहेरी टीप. त्याबद्दल तुझे आभार मानायचे की तुला शिव्या घालायच्या ते अजून ठरलं नाही.

२१ नोव्हेंबर

ताई,

पत्र कसं येणार ते आज सांगतो.

बेकरीत असताना एका नव्या इमारतीच्या बांधकामावर पाव पोचवायचं काम माझ्याकडे आलं. डोक्यावर टोपली, जिन्याला कठडा नाही. मी आपला चढतोय, डोक्यात भलतंच काहीतरी, आणि वळणानंतरच्या पायरीला माझा पाय आपोआप जास्त उचलला गेला. बरोबर जाऊन टेकला. मी दोन पायऱ्या पुढे गेलो आणि थांबलो. मागे वळून बघितलं. ती पायरी बाकीच्यांपेक्षा चांगली चार बोटं उंच.

आपली पायरी, ताई. आई पडली होती ती, पेटीवाला साहेब पडला होता ती. तो पडला तेव्हा आपण तिघं दाराआड तोंडात फडकं कोंबून हसलो होतो. तूसुद्धा हसली होतीस. डोळ्यांना काही ओळखीचं दिसलं नव्हतं, टाकी नाही, गल्ली नाही, सगळीकडे नुसतं मोकळं रान. पायाला मात्र कळलं.

वर गवंडी होता. मी म्हणालो, "मिस्त्री, ती पायरी चुकलीय."

"कोणाला कळतंय?"

"सगळ्यांना कळतं. दोन पिढ्या पडतात तिच्यावर."

"मग शहाण्या, चालताना खाली बघून चालावं." आणि मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून, "पाव वाटून पोट भरतं का तुझं? माणूस हवाय मला हाताखाली."

असा मी इथे लागलो. दुसऱ्या मजल्यावरची खिडकीकडची खोली, जिच्यात तू हे वाचते आहेस, तिला आत्ता छप्पर नाही. काल मी तिच्यात बसून जेवलो. जिथे तुझं शिवणयंत्र असतं, तिथे वाळूचा ढीग आहे.

आता खिडकीच्या डाव्या हाताची भिंत आठव. कमरेच्या उंचीवर, जिथे ठोकलं की पोकळ वाजायचं. मी लहानपणापासून तिथे ठोकायचो. टिल्लूनं माझ्याकडून उचललं. तू हातावर फटका मारायचीस. "भिंतीशी खेळू नको, पेटी ऐकते." मी विचारायचो, आत काय आहे? तू म्हणायचीस, उंदीर.

उंदीर नाही, ताई. मी आहे. ती भिंत परवा मी लावली, आणि तिथे एक वीट कमी घातली. ही पत्रं तिथे ठेवणार आहे, वरून गिलावा.

हे लक्षात आलं तेव्हा मी वाळूवर बसून राहिलो. मिस्त्रीला वाटलं ऊन लागलं. सगळं लहानपण मी माझ्याच पत्रावर ठोकत होतो. एकदा तुझा फटका चुकवून जोरात ठोकलं असतं, तर पोपडा पडला असता, मी हे वाचलं असतं, आणि इथे आलोच नसतो. मग हे लिहिलं कोणी असतं? कोंबडी आधी की अंडं, हे शाळेत शिकवत असतील तर मी त्या दिवशी पळालेलो होतो.

२ डिसेंबर

ताई,

आज मुद्दाम कच्चा माल कालवला. वाळू भरपूर, सिमेंट नावाला. मिस्त्रीनं घमेल्यात बोट घालून बघितलं, अंगठ्यावर चोळलं.

"हे काय केलंस? ही भिंत आहे की भाकरीचा भुगा?"

"एवढ्याच तुकड्याला आहे. खिडकीपाशी."

"अरे, माणसाचा हात लागला तरी पडेल."

"पडायलाच पाहिजे."

त्यानं घमेलं बाजूला सारलं. मग थापी पुसली. म्हणाला, "माझ्या नावावर असलं काम होत नाही. मी खाली चहा प्यायला जातो. वर काय झालं ते मला माहीत नाही." जाताना वळला. "आणि कडा नीट मारून घे, लेका. पडायचंच असेल तर सरळ रेषेत पडू दे." त्या दिवशी मी म्हणालो ते एक वाक्य त्याच्या डोक्यातून गेलेलं नाही. काल त्यानं एकट्यानं ती पायरी तासायचा प्रयत्न केला. जमलं नाही, खालचा जिना हलायला लागला. म्हणाला, पडू देत दोन पिढ्या.

आता काय करायचं ते लिहितो. ऐक, आयुष्यात एकदा माझं ऐक.

टिल्लूला आत्याकडे न्यायचं. खाणीच्या पलीकडे. तिकडे पेट्या नाहीत, कारण तिकडे मोजावीत इतकी माणसं नाहीत. पाण्याचा टँकरवाला दर आठवड्याला खाणीपर्यंत जातो. तो आईला बहीण मानायचा, नाही म्हणणार नाही. पुढचं चालत. आत्या तोंडाची फटकळ आहे, पण दार लावून घेणारी नाही. तू तिच्याशी बोलणं टाकलंस ते नियमासाठी, ती पेटीला शिव्या द्यायची म्हणून. आता ते सोड. दोघंही निघा. वाट बघू नका. बिल्ल्याकडे बघू नका.

तू करशील का, मला शंका आहे. तू आजवर एक नियम मोडला नाहीस. दुहेरी टीप हा नियम मोडणं धरलं तर एक.

आज नुसत्या कडा मारल्या, पोकळीवरचा गिलावा उद्या-परवा मारीन. रागाच्या भरात काही जास्त लिहिलं गेलं असेल तर ते खोडत नाही. खरंच आहे ते.

५ डिसेंबर

ताई,

माल कालवून ठेवलाय, सुकायच्या आत लिहायला हवं.

सकाळी मिस्त्री खाली होता, मी खोलीत एकटा. जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, जड. वळणानंतरच्या पायरीपाशी पाऊल अडखळलं नाही. ते मला आधी कळलं, ते अडखळलं नाही हे. मिस्त्री रोज अडखळतो. मग दारात, अजून दार नाही, नुसती चौकट, तिच्यात एक काकू येऊन उभ्या राहिल्या. बेकरीतल्या. तारखेवाल्या. केस पांढरे, हातात पिशवी.

मी म्हणणार होतो, काकू, पाव आता दुसरा पोरगा देतो. तेवढ्यात त्यांनी पाय आत टाकला आणि म्हणाल्या, "एक आत."

त्या दोन शब्दांचा तो सूर मी कुठेही ओळखीन. तुझा आहे.

तू वाळूच्या ढिगापाशी गेलीस, शिवणयंत्र असतं बरोबर तिथे, आणि सिमेंटच्या पिशवीवर बसलीस. गुडघे मोडताना हातानं धरलेस.

"तो पाव शिळा होता," तू म्हणालीस.

"मला काय माहीत, तू..."

"तुला माहीत नव्हतं. मला होतं. मला सगळं पाठ आहे. कपाट, कुत्रं, वांगी." मग, "वांग्यांचं मला फार लागलं."

तुला इथे येऊन पंचवीस वर्षं झाली म्हणे. मी विचारलं, मग आधी का नाही आलीस? मी इथेच होतो, रोज फळीपलीकडे. तू माझ्याकडे असं बघितलंस जसं गणित चुकल्यावर बघायचीस.

"पत्रात पाच डिसेंबर होती. त्याआधी कशी येणार?"

पंचवीस वर्षं, ताई. कागदावर तारीख होती म्हणून.

मिस्त्री वर आला, तुला बघून म्हणाला, "या कोण?"

"याची मोठी बहीण."

"बहीण? आई म्हणा की, वयाला शोभेल."

"आईचंही मीच केलंय," तू म्हणालीस. तो थापी ठेवून परत चहाला गेला.

आता तू समोर बसून सांगते आहेस, आणि मी तुलाच लिहितोय. तिकडच्या तुला, जिचे केस काळे आहेत. तू म्हणतेस, हे सगळं पत्रात होतं, तर लिही. टिल्लू मी गेल्यापासून रोज संध्याकाळी त्या जागेवर ठोकायचा. तू त्याला मारणं बंद केलं होतंस. एका संध्याकाळी पोपडा पडला. सरळ रेषेत.

"तू लिहिलंस, दोघंही निघा," तू म्हणालीस. "मूर्खा, मग रात्री पेटीला कोण बोलणार? पेटी एक रात्र गप्प राहिली की त्याच रात्री रस्ते धरतात. टँकर खाणीला पोचायच्या आत."

म्हणून टिल्लू एकटा गेला, टँकरवाल्याच्या सीटखाली. आणि तू घरात राहिलीस, आणि रोज रात्री चौकटीखाली उभी राहून म्हणालीस, "दोन आत." घरात एक असताना. तू. टँकरवाला परत आला तेव्हा त्यानं दारात टिल्लूची टोपी ठेवली. पोचला असेल तरच ठेवायची, असं ठरलं होतं. त्यानंतरही तू काही रात्री तसंच म्हणत राहिलीस, आत्याचं घर कोणी शोधू नये म्हणून. मग ते मोजायला आले. बिल्ला काढून घेतला.

"कोणाकडे बोट दाखवलंस?" मी विचारलं. नुसतं तुला दुखवायला विचारलं. घरात दुसरं कोणी नव्हतंच.

तू पिशवीतून पाव काढलास, अर्धा मला दिलास. ताजा होता.

तर ऐक, काळ्या केसांच्या ताई. टिल्लूला एकट्याला पाठव. रात्री पेटीला "दोन आत" म्हण. टोपी आली तरी म्हण. मग ते येतील, तुला भिरकावतील, तू फार मागे पडशील. तिथे तुझं कोणी नसेल, मीही नसेन, मी यायला खूप वर्षं असतील. तू लोकांचे कपडे शिवशील, दुखरे गुडघे घेऊन जिने चढशील, आणि शेवटी भावाच्या हातचा शिळा पाव खाशील. हे सगळं आत्ता तुला सांगून ठेवतोय, आणि तरी कर म्हणतोय.

मघाशी मी म्हणालो होतो, पत्रं ठेवत नाही. फाडून टाकतो. मग तुला काही कळणार नाही, तू तिकडेच राहशील, तुझे केस तिकडेच पांढरे होतील. इथली ताई उठली, माझ्या हातातला कागद बघितला आणि म्हणाली, "आणि टिल्लू?"

बस, एवढंच म्हणाली. मला इकडेतिकडे बघायलाही वेळ मिळाला नाही.

ती आता खिडकीपाशी उभी आहे, कमी घातलेल्या विटेच्या जागेत हात घालून बघते आहे. लिहून झालं का, विचारते आहे. झालं. त्या दिवशी बोट उचललंस तेव्हा तुझा हात थरथरत होता का, हे मला माहीत नाही. मी तेव्हा तुझ्या हाताकडे बघत नव्हतो, बोट कुठे वळतं ते बघत होतो. माझा थरथरतोय. अक्षरावरून दिसेलच तुला.